थंडी-उन्हाची सहाशें वर्षांची कीर्द

पांचसहाशें वर्षांपूर्वीं एखाद्या प्रांतांतील उन्हाळे कसे होते, हिंव केव्हां पडे, पिकें केव्हां हातीं येत, हें आज कशावरून कळावें, असा प्रश्न कोणीं विचारला, तर बहुतेकांचें लक्ष प्रथम उष्णतामापक यंत्राकडे जाईल. परंतु सतराव्या शतकाच्या आधींच्या काळाबद्दल हें यंत्र मुकें आहे. पॅरिस शहराच्या उष्णतामानाची मालिका मागें मागें नेली तरी ती १६५९ च्या सुमारास थांबते. त्यापूर्वींचा इतिहास ज्या कागदांवरून उलगडतो, ते हवामानासाठीं लिहिलेलेच नव्हते. कांहीं मजुरीचे हिशेब होते, कांहीं नगरसभेचे ठराव होते. फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतांतील बोन या लहानशा शहराची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

बोनचें सारें जीवन द्राक्षवेलीवर अवलंबून. १४४३ मध्यें बर्गंडीच्या ड्यूकचा प्रधान निकोला रोलॅं यानें येथें गोरगरिबांसाठीं रुग्णालय स्थापिलें. पुढें त्याच्या निर्वाहासाठीं दानशूर लोकांनीं जे द्राक्षमळे दिले, त्यांच्या मद्याचा जाहीर लिलाव १८५९ पासून होत आला आहे. अशा गांवीं द्राक्षांची तोडणी कोणत्या दिवशीं सुरू करावी हा प्रश्न घरगुती राहत नसे. मळे एकमेकांस लागून असत. एकानें तोडणी आधीं आरंभिली कीं शेजाऱ्याच्या वेलींवर हात पडण्याचें भय. शिवाय पिकाचा दशांश वसूल करणाऱ्यास सर्वांची तोडणी एकदमच होणें सोयीचें. म्हणून जाणकार मंडळी मळ्यांतून फिरून घड किती पिकले आहेत हें पाहत, आणि मग नगरसभा दिवस जाहीर करी. त्यापूर्वीं घड तोडणाऱ्यास दंड होई.

या शहरांतील नोत्र-दाम चर्चचे स्वतःचे मळे होते. तेथें तोडणीस आलेल्या मजुरांस कोणत्या दिवसापासून किती मजुरी दिली, हें चर्चचा कारकून वहींत टिपून ठेवी. पुढील पिढ्यांच्या ज्ञानाची त्यास चिंता नव्हती. पैन् पै जुळली पाहिजे एवढीच त्याची काळजी. पण त्यामुळेंच त्याची साक्ष विश्वसनीय ठरते. हवेविषयीं बोलणारा मनुष्य “असा उन्हाळा जन्मांत पाहिला नाहीं” असें दर चारदोन वर्षांनीं म्हणतो. मजुरीच्या हिशेबांत अशा अतिशयोक्तीस जागा नसते.

तोडणीच्या दिवसावरून उन्हाळ्याची परीक्षा होते ती कशी? एप्रिलपासून जुलैपर्यंतचे महिने उबदार गेले, तर वेल लवकर फुलते आणि घड लवकर पिकतात. हेच महिने थंड व ढगाळ गेले, तर सर्वच लांबणीवर पडतें. १८१५ मध्यें तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १८१६ मध्यें, युरोपांत उन्हाळा असा झालाच नाहीं, आणि फ्रान्समधील तोडणी फारच उशिरां झाली. याच्या उलट २००३ च्या भयंकर उन्हाळ्यांत बोनच्या मळ्यांत ऑगस्टमध्येंच मजूर शिरले. सारांश, वेल हेंच एक उष्णतामापक यंत्र आहे, आणि कारकुनाची वही हा त्या यंत्राचा लेख आहे.

ही गोष्ट फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेद आंगो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादांतच ओळखली होती. त्यांनीं गांवोगांवच्या तोडणीच्या तारखा जमवून त्यांचीं कोष्टकें छापलीं. पुढें १९६७ मध्यें इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी यांनीं गेल्या हजार वर्षांच्या हवामानावरील आपल्या ग्रंथांत या तारखांचा मोठा उपयोग केला, आणि त्याबरोबर एक इशाराही दिला. तोडणी लांबण्यास थंडीच कारण असते असें नाहीं. मुलखांत लढाई असेल तर मजूर मिळत नाहींत; अधिक चांगलें मद्य मिळावें म्हणून मालक घड मुद्दाम वेलींवर अधिक दिवस ठेवतात. तारीख खरी असली, तरी तिचा अर्थ तपासूनच घ्यावा लागतो.

आणि ती खरी आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतेंच. छापील कोष्टक एकदां प्रमाण मानलें गेलें कीं त्यावरून दुसरें, दुसऱ्यावरून तिसरें, अशी नक्कल होत जाते, आणि पहिल्या नकलेंतील चूक पुढें सर्वत्र पसरते. शेजारच्या दिजॉं शहराच्या जुन्या मालिकेस मूळ दप्तराशीं ताडून पाहण्याचें आणि सुधारण्याचें काम थॉमा लाब्बे आणि फाब्यॅं गाव्हो या संशोधकांनीं २०११ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यानंतर लाब्बे यांनीं बर्नचे इतिहासकार क्रिस्तियान फिस्टर आदि सहकाऱ्यांसह बोनचें दप्तर हातीं घेतलें. चर्चचे हिशेब, नगरसभेचे ठराव, अलीकडच्या काळासाठीं वर्तमानपत्रें, असे धागे जुळवीत त्यांनीं १३५४ पासून २०१८ पर्यंतची एकाच गांवची मालिका सिद्ध केली आणि २०१९ मध्यें ती प्रसिद्ध केली. १६५९ नंतरच्या तारखा त्यांनीं पॅरिसच्या उष्णतामानाशीं लावून पाहिल्या. मग त्याच्या आधींच्या तारखांवरही भरंवसा ठेवण्यास आधार मिळाला.

या कामांत पंचांगाचा घोटाळा निस्तरणें किती आवश्यक होतें, हें पाहण्यासारखें आहे. फ्रान्समध्यें १५८२ च्या डिसेंबरांत ९ तारखेनंतर एकदम २० तारीख आली. जुनी ज्यूलियन गणना जाऊन नवी ग्रेगोरियन गणना सुरू झाली. म्हणून त्यापूर्वींच्या प्रत्येक तारखेंत चौदाव्या शतकांत आठ, तर सोळाव्यांत दहा दिवस मिळविल्यावांचून ती आजच्या तारखेशेजारीं ठेवतां येत नाहीं. पुढें राज्यक्रांतीनें तर महिन्यांचीं नांवेंच बदललीं. तिच्या पंचांगांतील पहिला महिना ‘व्हांदेमिएर’, म्हणजे द्राक्षांच्या तोडणीचा महिना. तो २२ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. ही गणना १८०६ च्या आरंभीं रद्द झाली. हा हिशेब वरवर क्षुल्लक वाटेल. पण तो चुकला असता तर काय झालें असतें, हें मालिकेच्या निष्कर्षावरून कळतें.

१३५४ पासून १९८७ पर्यंत बोनची तोडणी सरासरीनें २८ सप्टेंबरला सुरू होत असे. १९८८ पासून ती सरासरी तेरा दिवस आधीं होऊं लागली. म्हणजे साडेसहाशें वर्षांत घडलेला सर्वांत मोठा बदल अवघ्या तेरा दिवसांचा आहे! तेथें पंचांगाची दहा दिवसांची चूक राहिली असती, तर निष्कर्षाचा मुळीं पायाच ढासळला असता. २००३ पासून २०१८ पर्यंतच्या सोळा वर्षांत आठ वर्षें असाधारण लवकर तोडणीचीं निघालीं. पूर्वीं असे उन्हाळे येत नव्हते असें नाहीं. ते येत, पण अपवाद म्हणून येत. पूर्वीं जो अपवाद होता तो आतां नेहमींचा झाला आहे, हें निःशंकपणें म्हणतां येतें तें या तपासणीमुळें.

एकट्या तारखेवर विसंबून राहिल्यास काय होतें, याचें उदाहरण १५४० हें वर्ष आहे. त्या वर्षीं मध्य युरोपांत अतितीव्र उष्णता आणि अवर्षण पडलें. नियमाप्रमाणें तोडणी फारच लवकर व्हावयास हवी होती. परंतु उन्हानें घड वेलीवरच सुकून बेदाण्यासारखे झाले, आणि कित्येक ठिकाणीं मालक पावसाची वाट पाहत थांबले. तारीख त्यामुळें पुढें गेली, आणि आंकड्यांवरून पाहणाऱ्यास तो उन्हाळा होता त्याहून सौम्य भासला. त्या काळच्या बखरी वाचल्यावरच त्याची खरी तीव्रता उमगली.

हिंवाची गोष्ट याहूनही नाजूक आहे. शिशिरांत निजलेली वेल बरीच थंडी सोसते. परंतु तिचे डोळे फुटून कोंवळे कोंब बाहेर आले कीं शून्याखालीं दोनतीन अंशांची एक रात्रही त्यांस पुरते. नाशिककडे कडाक्याच्या थंडींत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवितात, तसेच बर्गंडींत एप्रिलच्या रात्रीं वेलींच्या ओळींमधून मोठाले मेणाचे दिवे लावतात. पहिले कोंब जळाले तर मागाहून फुटणारे कोंब उशिरां फळतात. म्हणून हिंवानें लांबलेली तोडणी आणि थंड उन्हाळ्यानें लांबलेली तोडणी वहींत सारखीच दिसते. दोहोंतील भेद कळण्यास हिंवाची नोंद वेगळी ठेवावी लागते.

आजच्या शेतकऱ्यास या भेदाची किती गरज आहे हें २०२१ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं मार्चच्या अखेरीस फ्रान्समध्यें असामान्य ऊब पडली आणि वेली वेळेपूर्वीं फुटल्या. मग एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यांत कडक हिंव आलें, आणि देशभर द्राक्षें व फळबागा यांची दाणादाण उडाली. शास्त्रज्ञांनीं मागाहून हिशेब मांडला, तेव्हां चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. हिंव स्वतः पूर्वीपेक्षां सौम्य होत चाललें आहे. परंतु कोंब त्याहून लवकर फुटूं लागल्यामुळें, कोंवळ्या फुटीवर असें हिंव पडण्याचा संभव सुमारें साठ टक्क्यांनीं वाढला आहे. केवळ थंडीच्या रात्री मोजणाऱ्यास वाटेल कीं धोका टळला. केवळ वेलीकडे पाहणाऱ्यास वाटेल कीं हंगाम लांबला, लाभच झाला. वेल केव्हां फुटली आणि शेवटचें हिंव केव्हां पडलें, हीं दोन्हीं टिपणें शेजारीं शेजारीं ठेवल्यावरच खरी परिस्थिति दिसते.

म्हणून नोंद ठेवणाऱ्यानें नुसता दिवस लिहून थांबूं नये. कोणता मळा, कोणत्या जातीची वेल, कोणत्या गणनेची तारीख, आणि त्या वर्षीं आणखी काय घडलें, हेंही लिहावें. आणि नोंदी एकत्र करणाऱ्यानें मूळ कागद पाहिल्यावांचून कोष्टक मांडूं नये. बोनच्या कारकुनानें मजुरांची एक पै चुकूं नये म्हणून जी सावधगिरी बाळगली, तीच सावधगिरी सहाशें वर्षांनंतर एका देशास आपला उन्हाळा कोठून कोठें सरकला हें सांगण्यास उपयोगीं पडली.