हृद्-समकालन उपचार आणि रुग्णनिवडीचा निकष

एखादा उपाय सापडणे आणि तो कोणास लागू पडेल हे कळणे, ह्या दोन घटना वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच एकाच वेळी घडतात. हृदयाची आकुंचनशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांवरील समकालन-उपचाराचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

अशा काही रुग्णांत डाव्या निलयाकडे जाणारा विद्युत्-मार्ग खंडित होतो व निलयाची बाजूची भिंत मधल्या पडद्यामागून उशिरा आकुंचन पावते. दोन्ही निलयांस एकसमयी विद्युत्-प्रेरणा देऊन ही विसंगती दूर करण्याचा प्रयोग फ्रेंच वैद्य सर्ज काझो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. २००२ च्या ‘मिरॅकल’ चाचणीत ४५३ रुग्णांची परीक्षा झाली. २००५ च्या ‘केअर-एचएफ’ चाचणीने ह्या उपचाराने मृत्यूही घटतात हे सिद्ध केले. तथापि, सुमारे एकतृतीयांश रुग्णांस काहीच लाभ होत नाही, असे सर्वत्र म्हटले जाऊ लागले.

आरंभीच्या चाचण्यांचा निकष विद्युत्-आलेखातील क्यूआरएस-तरंगाची रुंदी हा होता. हा निकष स्थूल ठरवून, ध्वनिचित्रणाने भिंतींची विसंगती प्रत्यक्ष मोजावी, असा विचार बळावला. त्याची कसोटी २००८ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात लागली. ५३ केंद्रांतील ४९८ रुग्णांवर बारा मापने तपासली गेली. त्यांपैकी एकही विश्वसनीय ठरले नाही. एकाच चित्राचे मापन निरनिराळे परीक्षक निरनिराळे करीत. पुढे अरुंद तरंगाच्या, परंतु ध्वनिचित्रणात विसंगती दिसणाऱ्या रुग्णांवर ‘एको-सीआरटी’ चाचणी झाली. ती २०१३ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. कारण उपचार चालू असलेल्या गटात ११.१ टक्के, तर बंद ठेवलेल्या गटात ६.४ टक्के रुग्ण दगावले. चुकीच्या निकषाचे मोल रुग्णांनी दिले.

ह्या अपयशाचे मूळ ‘प्रतिसाद’ ह्या शब्दातही शोधावे लागते. ‘प्रॉस्पेक्ट’मध्ये लक्षणांच्या आधारे ६९ टक्के रुग्ण सुधारले, निलयाचे आकुंचनान्ती आकारमान १५ टक्क्यांनी घटणे ही कसोटी लावली असता हे प्रमाण ५६ टक्के भरले. म्हणजे एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टी निर्दिष्ट होत होत्या. शिवाय ‘मिरॅकल’ चाचणीत यंत्र बसवून बंद ठेवलेल्या गटातही ३९ टक्के रुग्ण सुधारले होते. चालू गटात ६७ टक्के. तेव्हा सुधारलेला प्रत्येक रुग्ण उपचारानेच सुधारला असे म्हणता येत नाही. उलट, जो अन्यथा खालावला असता तो स्थिर राहिला, तर त्यास निष्प्रतिसाद म्हणणेही अन्यायाचे होय. व्यक्तीचा लाभ थेट दिसत नाही. तुलनेनेच तो अनुमानता येतो.

अशा तुलनेत जुना आलेखच टिकला. २००९ च्या ‘मॅडिट-सीआरटी’ चाचणीत १५० मिलिसेकंद वा अधिक रुंदी असणाऱ्यांस विशेष लाभ दिसला. २०११ च्या विश्लेषणात तो डाव्या शाखेचा अवरोध असणाऱ्यांपुरता सीमित आढळला. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने हीच दोन लक्षणे एकत्र असणाऱ्यांस अग्रक्रम दिला आहे. आइन्थोव्हेन ह्यांस १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणारे साधन नव्या चित्रणापेक्षा सरस ठरले, ते त्याच्या सूक्ष्मतेमुळे नव्हे, तर त्याचे वाचन अधिक स्थिर असल्यामुळे व तुलनात्मक चाचण्यांत ते पारखले गेल्यामुळे.