रडार, विहारनौकांवरील

सहल, क्रीडा वा हौस यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान यांत्रिक नौकांवर बसविण्यात येणारी रडार यंत्रणा. रेडिओ तरंगांचे अल्पकालिक स्पंद आकाशकातून (अँटेनातून) सोडून, वाटेतील वस्तूंवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून त्या वस्तूंची दिशा व अंतर ठरविणे, हे तिचे कार्य होय. युद्धनौका व मोठी जहाजे यांच्यासाठी विकसित झालेली ही यंत्रणा दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे दोन दशकांनी लहान नौकांच्या आवाक्यात आली. तिचा आकार, वजन व विजेची गरज कमी होत गेली. परंतु तरंगांचे नियम बदलले नाहीत. त्यामुळे लहान नौकेला रडारने कमी दिसते आणि इतरांच्या रडारवर ती स्वतःही अंधुक दिसते, ही दुहेरी अडचण आजही कायम आहे.

इतिहास : धातूच्या पृष्ठभागावरून रेडिओ तरंग परावर्तित होतात, हे हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगाने दाखविले. भारतात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्ता येथे काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर प्रयोग केले. जहाजांची टक्कर टाळण्यासाठी या गुणधर्माचा उपयोग करण्याची कल्पना जर्मन अभियंता क्रिस्टिआन ह्यूल्समायर यांची. त्यांनी १९०४ मध्ये आपल्या उपकरणाचे एकस्व घेतले व कोलोन येथे त्याचे प्रात्यक्षिक केले. तथापि जहाज कंपन्यांनी त्यात रस घेतला नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत पोटोमॅक नदीवर टेलर व यंग या संशोधकांना, एक लाकडी आगबोट मधून जाताच रेडिओ संदेशात चढउतार होतात, असे आढळले. १९३५ मध्ये ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजावर अडथळे ओळखणारे उपकरण बसविण्यात आले आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी विमानांचा शोध घेण्याचा यशस्वी प्रयोग केला.

१९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील रँडल व बूट यांनी तयार केलेल्या पोकळी मॅग्नेट्रॉनमुळे सुमारे १० सेंमी. लांबीचे शक्तिशाली तरंग निर्माण करता येऊ लागले. तरंग आखूड झाल्याने आकाशकही लहान झाला. पुढे ३ सेंमी. तरंगांचा वापर रूढ झाला. विहारनौकांवरील बहुतेक रडारे याच तरंगांवर चालतात. १९४६ पासून व्यापारी जहाजांवर रडार येऊ लागले आणि १९४८ मध्ये लिव्हरपूल बंदरात किनाऱ्यावरून वाहतुकीवर लक्ष ठेवणारे रडार सुरू झाले. १९६० नंतरच्या दशकात ट्रँझिस्टरच्या वापरामुळे बॅटरीवर चालणारी लहान रडारे शक्य झाली. २००९ च्या सुमारास, कंप्रता क्रमाने बदलत सतत तरंग सोडणारी कमी शक्तीची रडारे विहारनौकांसाठी बाजारात आली. त्यांना मॅग्नेट्रॉनप्रमाणे तापण्यास वेळ द्यावा लागत नाही व जवळच्या वस्तू त्यांत अधिक स्पष्ट दिसतात.

रडार असूनही अपघात टळत नाहीत, याचा प्रत्यय २५ जुलै १९५६ रोजी आला. नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ व ‘स्टॉकहोम’ या जहाजांची टक्कर होऊन ५१ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही जहाजांना रडारवर एकमेकांचा सुगावा आधीच लागला होता. परंतु पडद्यावर दिसलेल्याचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावला. १९७२ मध्ये संमत झालेल्या व १९७७ पासून अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांत रडारच्या वापराला स्थान मिळाले. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अनुमान काढू नये आणि लहान नौका रडारवर पुरेशा अंतरावरून न दिसण्याची शक्यता वेग ठरविताना लक्षात घ्यावी, असे हे नियम सांगतात.

महाराष्ट्राचा किनारा : मुंबईत रॉयल बाँबे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला. मुंबई बंदर व कोकण किनारा येथे विहारनौकांना मालवाहू जहाजे, प्रवासी लाँचा, ट्रॉलर, लाकडी होड्या आणि जाळ्यांचे तरंगते बोये यांच्यामधून वाट काढावी लागते. लोखंडी जहाजाचा प्रतिध्वनी ठळक असतो. लाकूड, काचतंतू व रबर यांचा मात्र क्षीण असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका सोडून, हवा भरलेल्या रबरी होडीतून कुलाब्यास उतरले. या घटनेनंतर तटरक्षक दलासाठी किनारी रडारांची साखळी उभारण्यात आली. तिच्या पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रे होती : मुख्य भूमीवर ३६, लक्षद्वीपमध्ये ६ व अंदमान-निकोबारमध्ये ४. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया–३’ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. रडारवर ठळक दिसणाऱ्या जहाजांचीही बंदराच्या तोंडाशी टक्कर होऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

निवड : जाहिरातीत दिलेल्या पल्ल्यावरून रडार निवडणे योग्य नव्हे. मीटरमधील आकाशकाची उंची व लक्ष्याची उंची यांच्या वर्गमुळांच्या बेरजेस २·२ ने गुणले असता पल्ला स्थूलमानाने सागरी मैलांत मिळतो. आकाशक ४ मी. उंचीवर व समोरची होडी १ मी. उंच असल्यास ही मर्यादा ६·६ सागरी मैल (सुमारे १२ किमी.) येते, क्षीण प्रतिध्वनीमुळे होडी प्रत्यक्षात याहून बरीच जवळ आल्यावर दिसते. म्हणून ४८ मैल पल्ल्याच्या यंत्राचा उपयोग उंच डोंगर वा ढग पाहण्यापुरताच होतो.

आकाशकाची रुंदी अधिक महत्त्वाची आहे. ४५ सेंमी. रुंदीच्या आकाशकाची शलाका सुमारे ५ अंश रुंद असते. एक सागरी मैलावर तिचा विस्तार सुमारे १६० मी. होत असल्याने, तेवढ्या अंतरात शेजारी शेजारी असलेल्या दोन होड्या पडद्यावर एकच दिसतात. १·२ मी. रुंदीच्या आकाशकाने हा विस्तार सुमारे ६० मी. इतका कमी होतो. मात्र त्याचे वजन व वाऱ्याचा रोध लहान नौकेस पेलले पाहिजेत. वेगात नाळ उचलली जाणाऱ्या नौकेवर आकाशक पुढच्या बाजूस किंचित झुकवून बसवितात. नौकेवर धातूचा कोनीय परावर्तक लावल्यास ती इतरांच्या रडारवर अधिक ठळक दिसते.

वापर : लाटा व पाऊस यांचे प्रतिध्वनी दाबण्यासाठी स्वतंत्र नियंत्रक असतात. ते अधिक फिरविल्यास पडदा स्वच्छ दिसतो, पण त्याबरोबर लहान होडीही पुसली जाते. एखाद्या लक्ष्याची होकायंत्रानुसार दिशा स्थिर राहून अंतर कमी होत असेल, तर टक्कर संभवते. हे ओळखण्यासाठी ठराविक वेळाने दिशा व अंतर यांची नोंद करावी लागते. प्रत्येकी २५ नॉट वेगाच्या दोन नौका समोरासमोर येत असून एकीला दुसरी दोन मैलांवर प्रथम दिसली, तर मधे केवळ १४४ सेकंद उरतात. यास्तव वेग कमी करणे हाच पहिला उपाय ठरतो. स्वयंचलित ओळख प्रणालीचे (एआयएस) संदेश ज्या नौका पाठवितात, त्यांचाच पत्ता त्या प्रणालीवरून लागतो. रडारला समोरच्याच्या सहकार्याची गरज नसते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. पडद्याचा अर्थ लावण्याचा सराव स्वच्छ हवेत, दिवसा, प्रत्यक्ष दिसणाऱ्या नौकांशी पडताळून करणे हितावह असते.

किनाऱ्यापासून दूर, हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या परिसरात पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर यांसारख्या जलाशयांत रडारचे प्रयोजन क्वचितच उद्‌भवते. तेथे काठ जवळ असल्याने त्याचे ठळक प्रतिध्वनी पडदा व्यापतात, तर लहान होडी व पाण्याखालील झाडांची खोडे हे खरे धोके यंत्राला नीट दिसत नाहीत. तेथे जीवरक्षक जाकिटे, दिवे, वादळी हवेत पाण्यावर न जाणे व डोळस पहारा हीच साधने उपयोगी पडतात. समुद्रावर रडार या पहाऱ्याला जोड देते. त्याची जागा घेत नाही. पडद्यावरील रिकामी जागा म्हणजे रिकामे पाणी नव्हे, हे नौका चालविणाऱ्याने सदैव ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.