कोकणातल्या घरासाठी सोफा : पावसाळा, गुडघे आणि खिसा

घरात मुलीचं स्थळ ठरायला आलं, किंवा कुवेत-मस्कतहून कुणी सुट्टीवर यायचं असलं, की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो बैठकीच्या खोलीचा. भिंतींना रंग, दारांना नवे पडदे आणि त्यानंतर सोफा. रंग आणि पडदे चुकले तर फारसं बिघडत नाही, पण सोफा चुकला तर दहा वर्षं डोळ्यासमोर राहतो. म्हणून जामसंडे, देवगड आणि आसपासच्या किनारपट्टीवरच्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत. यातलं बरंचसं आम्ही आमच्या चुकीतून शिकलो आहोत, हे आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी साखरपुडा होता. घाईघाईने एका दुकानातून क्रीम रंगाचा, रेक्झिनचा, जमिनीलगत बसणारा मोठा सोफा आणला. दिसायला झकास. एप्रिल-मे छान गेला. ऑगस्टमध्ये पाठीमागच्या बाजूला काळे ठिपके दिसू लागले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रेक्झिनची सालं निघायला लागली. पण खरं नुकसान त्याहून वेगळं होतं आणि ते आमच्या उशिरा लक्षात आलं. दादी त्या सोफ्यावर बसली की तिला स्वतःहून उठता येत नसे. दोघांनी हात द्यावा लागे. पाहुण्यांसमोर असं उचलून घेणं तिला आवडेना, म्हणून तिने हळूहळू बाहेरच्या खोलीत येणंच बंद केलं. कुणी आलं की आतूनच सलाम कळवायची. आम्हाला वाटत होतं, वय झालं. वय होतंच, पण उंची सोफ्याची कमी पडत होती.

आधी उंची, मग रंग

बसण्याची जागा जमिनीपासून १७ ते १८ इंच असली तर बहुतेक माणसं आरामात बसतात-उठतात. दुकानांत सध्या जे लोळायचे सोफे दिसतात ते १४-१५ इंचांचे असतात, आणि त्यात मऊ फोम असला की माणूस बसल्यावर आणखी दोन-तीन इंच खाली जातो. बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं अंतर, २० ते २२ इंच पुरे. २४-२५ इंच खोल सोफ्यावर बुटक्या माणसाची पाठ टेकतच नाही, मग उशा कोंबाव्या लागतात.

हात टेकायला दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी हात हवेत. म्हातारं माणूस पायांवर कमी आणि हातांवर जास्त जोर देऊन उठतं. गुबगुबीत, गोल, कापडी हातांवर जोर देता येत नाही. दुकानात सोफा बघायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला बरोबर न्या आणि निदान दहा-पंधरा मिनिटं बसवा. दुकानदाराने चहा मागवला तर उत्तमच. सोफा आधीच घेऊन झाला असेल आणि बुटका असेल, तर सुताराकडून खाली तीन इंचांचे लाकडी पाय जोडून घेता येतात. आम्ही तेच आधी केलं असतं तर दादीची दोन वर्षं वाया गेली नसती.

आपल्या हवेत काय टिकतं

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांनी इथे काम भागत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, आणि समुद्र जवळ असल्यामुळे हवेत खार. चिऱ्याची भिंत ओल शोषून घेते, आणि तिला चिकटून ठेवलेल्या सोफ्याच्या पाठीला बुरशी येणारच.

आमचा सोफा शेवटी उघडला तेव्हा सुतार आतली फळी बोटाने कुरतडून म्हणाला, "ह्यां लाकूड नाय. दाबलेलो भुसो आसा." तो पार्टिकल बोर्ड होता. हा बोर्ड आणि साधा एमडीएफ दमट हवेत फुगतो, आणि एकदा फुगला की त्यातला स्क्रू पुन्हा धरत नाही. सोफ्याचा सांगाडा कापडाखाली झाकलेला असतो, म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही. दुकानदाराला सोफा उलटा करायला सांगा. खालचं काळं कापड बहुतेक वेळा नुसतं पिनांनी लावलेलं असतं, एका कोपऱ्यात सोडून आत बघता येतं. जो दुकानदार हे दाखवायला तयार नाही त्याच्याकडे घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आम्ही आता घेत नाही.

लाकडात सागाला तोड नाही, त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण साग महाग. आपल्याकडे फणस आणि शिवण हे चांगले पर्याय आहेत. फणसाचं लाकूड जड, पिवळसर आणि टिकाऊ असतं, जुन्या घरांत त्याचे दरवाजे आजही उभे आहेत. शिवण हलकं आणि न वाकणारं. आंब्याचं लाकूड आपल्या भागात स्वस्त मिळतं, पण त्याला पोखरणारा किडा लवकर लागतो. सोफ्याखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर समजा किडा आत आहे. कुठलंही लाकूड घ्या, त्यातला बाहेरचा पांढरा भाग टाळा. किड्याचं खाद्य तिथेच असतं, गाभ्यात नाही. केरळकडून येणारं रबरवुड वाईट नाही, मात्र ते औषध मारलेलंच हवं.

प्लायवूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा मानक आहे, आणि त्यातही ओल सहन करणारा बीडब्ल्यूआर दर्जा मागावा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, तो महाग, पण तळाच्या पट्टीपुरता वापरला तरी फरक पडतो. खिळे आणि पिना गंजतात, म्हणून जोड फेव्हिकॉल आणि पितळी किंवा स्टेनलेस स्क्रूचे असावेत. लोखंडी पाइपचा सोफा स्वस्त आणि वाळवीपासून सुरक्षित, पण खाऱ्या हवेत तो वेल्डिंगच्या जागी आधी गंजतो. घ्यायचाच तर दर दोन वर्षांनी रंग मारायची तयारी ठेवा.

बांबूचा विचार आपले लोक फारसा करत नाहीत, आणि ते आम्हाला पटत नाही. सिंधुदुर्गात माणगा जातीचा भरीव बांबू मुबलक आहे, आणि कुडाळला 'कोनबॅक' ही बांबूवर काम करणारी संस्था २००४ पासून आहे. प्रक्रिया केलेल्या बांबूची बैठक हलकी असते, वारा खेळता राहतो, आणि गाद्या काढून धुता येतात. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केली आहे का, एवढं विचारा. कच्च्या बांबूला किडा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बांबू आणि वेताच्या फर्निचरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, लाकडी सोफ्यावर तो १८ टक्के आहे.

कापडाबद्दल थोडक्यात. स्वस्त लेदरेट म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर. हा थर दमट हवेत आपोआप विघटित होतो, म्हणूनच सालं निघतात. तुम्ही कितीही जपलं तरी. पीव्हीसीचं रेक्झिन जास्त टिकतं पण उन्हाळ्यात पाठ चिकटते. शुद्ध सुती कापड ओल धरून ठेवतं. पॉलिस्टर मिसळलेलं, घट्ट विणीचं, मध्यम रंगाचं कापड आणि त्याला चेन लावलेली खोळ, हे आपल्या हवेला सगळ्यात सोयीचं.

फोम वजनावर तोला

फोमच्या बाबतीत फसवणूक सगळ्यात सोपी, कारण नवा असताना प्रत्येक फोम छानच वाटतो. दुकानदार '४० डेन्सिटी' म्हणतो. याचा अर्थ एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. ते कडक असल्याचं माप नाही. टिकण्याचं आहे. आता गंमत अशी की हे घरी तपासता येतं. २४ बाय २४ इंचांची, ५ इंच जाडीची गादी खोळीतून काढा आणि वाण्याच्या काट्यावर ठेवा. ४० डेन्सिटीची असेल तर साधारण १ किलो ९०० ग्रॅम भरेल. ३२ ची असेल तर दीड किलो. एक किलोच्या आत भरली तर तो २० च्या आसपासचा फोम आहे, रोज बसाल तर लवकरच त्याला खड्डा पडेल. बसायच्या गादीला ३२ हे किमान, ४० चांगलं. पाठीच्या उशांना हलका फोम चालतो, तिथे पैसे वाचवा.

गादीखाली काय आहे तेही बघा. नागमोडी नो-सॅग स्प्रिंग किंवा घट्ट विणलेले पट्टे असावेत. नुसती फळी असेल तर गादी जाड लागते. तळाला काथ्याचा थर आणि वर फोम, ही जोडी आम्हाला आवडली, हवा खेळते आणि गादीला वास येत नाही.

किती जागा, कुणासाठी

आपल्या घरांत पुरुष पाहुणे बाहेर आणि बायका आत बसतात. बाहेरच्या खोलीत एल आकाराचा एकसंध सोफा टाकला की आतल्या माणसांना प्लास्टिकच्या खुर्च्याच उरतात. त्यापेक्षा दोन माणसांचा एक आणि सुट्या दोन खुर्च्या घ्या. लागेल तिथे उचलून नेता येतात. रमजानमध्ये इफ्तारला वीस माणसं जमली की खाली सतरंजी आणि दस्तरखानच लागतो, तेव्हा सोफा भिंतीला सरकवता आला पाहिजे. दोन माणसांना उचलता येत नाही तो सोफा आपल्या कामाचा नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कौलं उडाली तेव्हा रात्रीत सामान हलवावं लागलं होतं, ते ज्यांनी अनुभवलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मापं घेताना खोलीबरोबर दरवाजाही मोजा. जुन्या घराचा दरवाजा अरुंद असतो, आणि पडवीतून आत वळण असेल तर सात फुटांचा सोफा अंगणातच राहतो. खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून सोफ्याचा आकार करा आणि दोन दिवस त्याभोवती वावरा.

पैसे कसे द्यायचे

'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी हल्ली सगळीकडे दिसते, आणि व्याज टाळणाऱ्या माणसाला ती बरी वाटते. पण १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनेच म्हटलं आहे की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फी वगैरे नावांखाली ग्राहकाकडूनच घेतलं जातं. साधी परीक्षा करा. समजा सोफा ३० हजारांचा, बारा हप्ते २,५०० चे. दुकानदाराला विचारा, आज रोख दिले तर किती? तो २८ हजार म्हणाला तर दोन हजार कशाचे आहेत ते उघड झालं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात व्याजाच्या रकमेवर वर १८ टक्के जीएसटीही लागतो.

घाई नसेल तर भिशी बरी. दहा जणींनी महिन्याला अडीच हजार टाकले की एकेकीच्या वाट्याला २५ हजार येतात आणि कुणाचं कुणाला देणं राहत नाही. आंब्याचे पैसे मे-जूनमध्ये हातात येतात आणि लगेच खर्च करावेसे वाटतात, पण सोफा तेव्हा घेऊ नका. पावसाच्या तोंडावर बनवलेल्या लाकडात ओल असते, हिवाळ्यात ते आकसतं आणि जोड करकरायला लागतात. पैसे बाजूला ठेवा, दिवाळीनंतर सुताराला सांगा.

आम्ही शेवटी तेच केलं. गावातल्या सुताराकडून फणसाची दोन माणसांची बैठक आणि दोन हातांच्या खुर्च्या बनवून घेतल्या, गाद्या वेगळ्या शिवल्या. कागदावर लिहून दिलं : उंची साडेसतरा, खोली एकवीस, हात बसण्यापासून आठ इंच वर. दादीसाठी दाराजवळची खुर्ची ठरली. ती आता पाहुणे आले की आमच्या आधी बाहेर येऊन बसलेली असते, आणि कोण कुणाचा कोण ते सगळं विचारून घेते.

दुकानातून घेतलात तर पक्कं बिल घ्या आणि लाकूड, फोमची डेन्सिटी, वॉरंटी त्यावर लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला काही अर्थ नाही. वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सोफा मुंबईहून मागवला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही.

घरी आल्यावर सोफा भिंतीपासून चार इंच लांब ठेवा, पायांखाली प्लास्टिकच्या वाट्या लावा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की गाद्या उभ्या करून पंख्याखाली ठेवा, ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस खोळी काढून वाळवा. बुरशी दिसली तर ती घरात झाडू नका, अंगणात नेऊन कोरड्या ब्रशने काढा.

राहिला जुना सोफा. सांगाडा धड असेल तर नवा सोफा घ्यायच्या आधी फोम आणि कापड बदलायला किती येतील ते विचारा, बऱ्याच वेळा तेवढ्यात काम भागतं. मोडीतच काढायचा असेल तर फोम परसात जाळू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. लाकूड वेगळं करून चुलीला द्या, पण रंग-पॉलिश केलेलं नको, आणि फोम नगरपंचायतीच्या कचरागाडीकडे द्या.