सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते? रात्री बांधायचा पट्टा कसा वापरायचा, कुणी टाळायचा

जालना : सकाळी बाजेवरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून दहा-वीस पावलं टाकली की जरा बरं वाटतं. काम निभतं, पण दुपारी भाकरी खायला बांधावर बसून पुन्हा उठलं की तीच कळ. कापूस वेचणीच्या दिवसांत ही तक्रार गावोगाव ऐकायला मिळते. दिवसभर ढेकळांतून चालणाऱ्या बाया, एमआयडीसीत स्टील कारखान्यात उभ्यानं पाळी करणारे कामगार, मोंढ्यातले हमाल, अंगारकीला राजूरच्या गणपतीला अनवाणी जाणारे भाविक, सगळ्यांच्याच टाचांवर ताण येतो.

अशा दुखण्यावर डॉक्टर बऱ्याचदा 'नाइट स्प्लिंट' सुचवतात. म्हणजे रात्री झोपताना पायाला बांधायचा पट्टा किंवा बूट. आता तो मोबाइलवरूनही मागवता येतो. पण तो कसा बांधायचा आणि कुणी बांधायचा नाही, हे माहीत नसेल तर पैसे वाया जातात. शुगर असलेल्या माणसाला तर जखमही होऊ शकते.

रात्री पायात काय होतं?

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. धनुष्याच्या दोरीसारखा तो तळव्याची कमान धरून ठेवतो. खूप चालणं, तासन् तास उभं राहणं, वजन वाढणं, झिजलेली चप्पल, आखडलेली पोटरी, यामुळे तो टाचेजवळ ताणून दुखावतो.

झोपेत आपलं पाऊल आपोआप खाली झुकतं. पोटरी आणि तळव्याचा पट्टा दोन्ही रात्रभर सैल, आखूड अवस्थेत राहतात. सकाळी उभं राहिलं की सगळं वजन एकदम त्यावर येतं आणि दुखावलेली जागा पुन्हा ताणली जाते. म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखतं.

नाइट स्प्लिंटचं काम एवढंच, की आपण उभे असताना पाऊल नडगीशी जसं काटकोनात असतं, तसंच ते रात्रभर धरून ठेवायचं. मग सकाळी अचानक ताण बसत नाही.

'हाड वाढलंय' म्हणजे काय?

एक्स-रे काढला की बऱ्याच जणांना टाचेचं हाड वाढल्याचं सांगितलं जातं आणि माणूस ऑपरेशनच्या धास्तीनं खचतो. पण असं टोक वाढलेल्या कितीतरी लोकांची टाच कधीच दुखत नाही. दुखणं बहुतेक वेळा पट्ट्याचं असतं. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते.

तीन प्रकारचे पट्टे

१) बुटासारखा : पोटरी आणि तळव्याच्या मागून कडक साचा असतो. पाऊल घट्ट धरतो, पण जड असतो आणि उन्हाळ्यात गरम होतो.

२) पुढून बांधायचा : नडगी आणि पावलाच्या वरच्या बाजूला साचा असतो. टाच मोकळी राहते, त्यामुळे झोपायला सोपा जातो.

३) मोज्यासारखा : बोटांपासून नडगीपर्यंत पट्टी ओढून बांधतात. हलका आणि स्वस्त, पण जास्त ओढला तर बोटं दुखतात.

घेताना पावलाचं माप बघून घ्या. महागाचाच चांगला असं काही नाही. जो पायात ठेवून झोप लागते, तोच उपयोगाचा.

बांधायचा कसा?

- पहिले काही दिवस जेवणानंतर बसल्या-बसल्या तास-दोन तास बांधा. सवय झाली की रात्रभर ठेवा.
- आत सुती मोजा घाला. पट्टा थेट कातडीवर नको.
- पाऊल काटकोनात आलं की थांबा. पोटरीत हलका ताण जाणवला पाहिजे, दुखायला नको.
- पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. मुंग्या आल्या, बोटं गार किंवा निळसर पडली तर लगेच सैल करा.
- हा पट्टा बांधून चालायचं नाही. रात्री लघवीला उठताना आधी सोडा, नाहीतर पाय घसरून पडाल. म्हाताऱ्या माणसांनी हे जास्त जपावं.
- सकाळी सोडल्यावर कातडी बघा. लाल डाग बराच वेळ राहिला तर बांधणं चुकतंय.

चार दिवसांत फरक दिसत नाही म्हणून अनेक जण पट्टा खुंटीला टांगून ठेवतात. फरक कळायला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही.

खरंच गुण येतो का?

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या वॅपनर आणि शार्की या डॉक्टरांनी वर्षापेक्षा जास्त काळ टाच दुखणाऱ्या १४ रुग्णांना असा साचा रात्री वापरायला दिला. त्यातल्या ११ जणांचं दुखणं चार महिन्यांच्या आत गेलं. पुढच्या अभ्यासांत मात्र सगळीकडे सारखा निकाल आला नाही. काहींत फायदा दिसला, काहींत नेहमीच्या उपचारांपेक्षा वेगळा फरक दिसला नाही. म्हणून नुसत्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नये. सकाळची कळ जास्त असणाऱ्यांनी तो व्यायाम आणि चांगल्या चपलेच्या जोडीनं वापरावा.

व्यायाम बिनपैशाचा आहे. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हातानं बोटं नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा करा. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरीही ताणा. संध्याकाळी पाण्याची बाटली बर्फासारखी गोठवून, फडक्यात गुंडाळून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. घरातही मऊ चप्पल घाला. चपट्या झिजलेल्या स्लिपरऐवजी टाचेला गादी असलेली चप्पल किंवा बूट घ्या. शक्य असेल तर कामात मधे-मधे बसा.

बहुतेकांची टाचदुखी ऑपरेशनशिवाय साधारण वर्षभरात बरी होते.

बिबा, डाग आणि इंजेक्शन

आपल्याकडे टाचेला बिब्याचा चटका द्यायची जुनी पद्धत आहे. बिब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. शुगर असलेल्यांच्या पायाची अशी जखम लवकर भरत नाही, कधी पाय गमावायची वेळ येते. तापलेल्या विटेचा शेकही बधिर पायाला भाजतो.

मेडिकलवरून रोज वेदनेची गोळी आणून खाल्ली तर पोट आणि किडनीला त्रास होतो. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही आठवडे आराम पडतो, पण वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो. ते तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

कुणी आधी डॉक्टरला दाखवावं?

- शुगर असलेले, पाय बधिर पडणारे, पायाला जखम किंवा रक्तपुरवठा कमी असणारे. यांनी स्वतःच्या मनानं पट्टा बांधूच नये.
- झाडावरून, गाडीवरून पडून किंवा उंचावरून उडी मारून टाच दुखायला लागली असेल तर. हाड मोडलेलं असू शकतं.
- टाच सुजून लाल झाली, ताप आला, किंवा पडून असतानाही रात्रभर ठणकत असेल तर.
- तरुण माणसाच्या टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडते. हा वाताचा आजार असू शकतो.
- टाचेच्या वर मागच्या शिरेत 'टक्' आवाज होऊन एकदम दुखलं असेल तर.
- दीड-दोन महिने व्यायाम करूनही फरक नसेल तर.

तपासणीसाठी खासगीतच जावं लागतं असं नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावं, तिथून गरज पडली तर जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरकडे पाठवतात. पट्टा मात्र बाहेरून घ्यावा लागू शकतो. तो विकत घेण्याआधी टाच नेमकी कशानं दुखते, हे एकदा डॉक्टरकडून कळून घ्या.