संत पॅट्रिकच्या ध्वजाखाली

पुण्याचे संत पॅट्रिक कॅथेड्रल आपल्या वाचकांपैकी अनेकांना परिचित असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी फौजेतील आयरिश कॅथलिक शिपायांच्या उपासनेसाठी ते उभे राहिले. स्वदेशात जमीन नाही, आणि म्हणून पोटासाठी परक्याची बंदूक खांद्यावर घ्यायची, हे त्या काळी आयर्लंडच्या कित्येक तरुणांच्या ललाटी लिहिलेलेच होते. कोणी इंग्रजांच्या पलटणीतून हिंदुस्थानात आला, कोणी अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. या दुसऱ्या वाटेने गेलेल्या काही शिपायांची कथा आम्ही येथे सांगणार आहोत. अमेरिकेच्या दप्तरात त्यांची नोंद पळपुटे आणि फितूर अशी आहे. मेक्सिकोत त्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत.

टेक्सास हा मूळचा मेक्सिकोचा प्रांत. १८३६ साली तो फुटून निघाला आणि १८४५ साली अमेरिकेने त्याला आपल्या संघराज्यात सामील करून घेतले. सीमा नुएसेस नदीपाशी संपते असे मेक्सिको म्हणे, तर ती पार दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीपर्यंत जाते असा अमेरिकेचा दावा होता. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोक यांनी जनरल झॅकरी टेलर यांना या वादग्रस्त पट्ट्यात फौज घेऊन धाडले. मार्च १८४६ मध्ये ती फौज रिओ ग्रांदेच्या काठी, माटामोरोस या मेक्सिकन शहरासमोर येऊन ठाकली. २५ एप्रिलला चकमक झाली, आणि अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकेचे रक्त सांडले असे सांगून पोक यांनी १३ मे रोजी युद्ध जाहीर करविले. ती भूमी अमेरिकेची होती हेच मुळात सिद्ध व्हायचे होते! अब्राहम लिंकन नावाच्या एका नवख्या प्रतिनिधीने डिसेंबर १८४७ मध्ये काँग्रेसमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला : रक्त सांडले ती जागा कोणती, ते दाखवा. याच फौजेत लेफ्टनंट असलेले, आणि पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांनीही उतारवयात आपल्या आठवणींमध्ये या युद्धाची गणना अत्यंत अन्याय्य युद्धांत केली. ग्रँट यांना अन्याय कळला होता. ते लढत राहिले.

आणि टेलर यांच्या तंबूंतील साधा शिपाई? त्या फौजेत निम्म्याच्या आसपास शिपाई परदेशात जन्मलेले होते आणि त्यांत आयरिश लोकांचा भरणा मोठा होता. पगार महिना सात डॉलर. अधिकारी बहुतांशी प्रॉटेस्टंट, आणि नव्याने आलेल्या कॅथलिकांविषयी त्या देशात तेव्हा पसरलेल्या तिरस्काराचा स्पर्श त्यांच्यातील अनेकांना झालेला. १८४४ साली फिलाडेल्फिया शहरात जमावाने संत मायकल आणि संत ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळली होती, हे येथे ध्यानी घ्यावे. क्षुल्लक चुकीसाठी शिपायाचे हात बांधून, गुडघ्यांखाली काठी अडकवून, तोंडात बोळा कोंबून त्याला तासन्तास उन्हात बसविले जाई. पोक यांनी मे १८४६ मध्ये मकेलरॉय आणि रे या दोन येशूसंघीय धर्मगुरूंना फौजेबरोबर धाडले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांपैकी फादर रे यांची जानेवारी १८४७ मध्ये मेक्सिकोत वाटेवर हत्या झाली. मात्र हे दोघे येण्यापूर्वीच अनेकांनी नदी ओलांडली होती.

पलीकडच्या तीरावर चर्चचे मनोरे दिसत होते. मेक्सिकन सेनापती आंपुदिया यांनी एप्रिलच्या आरंभी पत्रके वाटून परदेशी शिपायांना आवाहन केले : अन्यायाच्या कामी आपले हात देऊ नका, इकडे या. लवकरच दुसऱ्या पत्रकातून जमिनीचे आश्वासनही आले. १२ एप्रिल १८४६, रविवार. पाचव्या पायदळ पलटणीतील जॉन रायली या शिपायाने मिस्सेला जाण्यासाठी छावणीबाहेर जायचा परवाना मागितला. तो मिळाला. रायली परत आला नाही.

हा रायली आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातील क्लिफडेन गावचा. मेक्सिकोने त्याला लेफ्टनंट केले. त्याच्याभोवती पलीकडून आलेले शिपाई जमत गेले आणि त्यांची तोफखान्याची एक तुकडी उभी राहिली. हिरव्या रेशमी ध्वजाखाली ती लढे, आणि नाव होते संत पॅट्रिकची पलटण, म्हणजे स्पॅनिश भाषेत 'सान पात्रिसिओ'. त्यात सारेच आयरिश नव्हते. जर्मन होते, स्कॉटिश होते. सगळे कॅथलिकही नव्हते. कोणी श्रद्धेपोटी आला, कोणी फटक्यांना कंटाळून, कोणी जमिनीच्या आशेने. या माणसांना धर्मवीर ठरविण्याची घाई काही लेखक करतात, ती आम्हांस मान्य नाही. पण म्हणून त्यांच्या निर्णयात सद्सद्विवेकाचा अंशच नव्हता असे म्हणणेही तितकेच घाईचे होईल. माणसाच्या निर्णयात पोट, पाठीवरचे वळ आणि अंतरात्मा एकाच वेळी बोलत असतात, आणि कोणाचा आवाज मोठा होता हे पुष्कळदा त्या माणसालाही सांगता येत नाही.

त्यांच्यावरील खटल्यांची कागदपत्रे उपलब्ध आहेत. ती वाचणाऱ्याची निराशा होते. बहुतेकांनी बचावात सांगितले की आपण दारूच्या नशेत होतो, किंवा मेक्सिकनांनी आपल्याला जबरदस्तीने भरती केले. युद्ध अन्याय्य होते असे ठासून सांगणारा कोणी दिसत नाही. परंतु समोर फास लोंबत असताना, जे युद्ध चुकीचे म्हणायचे तेच लढणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, माणूस काय बोलणार? नशेच्या सबबीने शिक्षा कधीकधी सौम्य होई, हे प्रत्येक शिपायाला ठाऊक होते. त्या जबान्या जीव वाचविण्यासाठी दिलेल्या आहेत. त्यांवरून अंतःकरण वाचता येत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण या प्रश्नी मुकी नव्हती. सालामांका येथील डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ साली आपल्या व्याख्यानांत स्पष्ट मांडले होते की युद्ध अन्याय्य आहे याची ज्याची खात्री पटली आहे अशा प्रजाजनाने राजाची आज्ञा असली तरी लढू नये. स्वतः स्पेनच्या राजाचा प्रजाजन असलेल्या धर्मगुरूने हे म्हणावे, यात त्याचे मोल आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली, सद्सद्विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी असे म्हटले. तेव्हा छावणी सोडण्याच्या कृतीचे समर्थन आम्हांस अवघड वाटत नाही. अवघड आहे ती पुढची पायरी. रायली आणि त्याचे सोबती बंदूक टाकून घरी गेले नाहीत. त्यांनी कालच्या सोबत्यांवर तोफा डागल्या. समोरच्या रांगांतही आयरिश कॅथलिक होते. चुरुबुस्कोच्या लढाईत अमेरिकेच्या बाजूने एका ब्रिगेडचे नेतृत्व करणारे जनरल जेम्स शील्ड्स हे आयर्लंडमध्येच जन्मलेले कॅथलिक. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांनी हिटलरसाठी लढण्यास नकार दिला, ९ ऑगस्ट १९४३ रोजी शिरच्छेद पत्करला आणि २००७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यांनी कोणावरही शस्त्र उचलले नव्हते. सान पात्रिसिओंना त्या पंक्तीत बसविता येत नाही. मात्र आक्रमण झालेल्या देशाचे रक्षण करणे हे न्याय्य युद्ध, आणि ते लढणे हा त्या देशात आश्रय घेतलेल्याचाही हक्क, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणारे उत्तरही आमच्यापाशी नाही.

२० ऑगस्ट १८४७. अमेरिकन फौज मेक्सिको शहराच्या वेशीपर्यंत आली होती. चुरुबुस्को येथील फ्रान्सिस्कन मठाच्या भिंतींआड मेक्सिकन सैन्याबरोबर ही पलटणही उभी होती. दारूगोळा संपत आला. कोणी पांढरे निशाण चढवू लागला की सान पात्रिसिओ ते खाली ओढीत, असे सांगतात. शरण गेलो तर काय वाढून ठेवले आहे हे त्यांना पक्के माहीत होते. अखेर मठ पडला आणि पाऊणशेहून अधिक सान पात्रिसिओ पकडले गेले.

खटले भराभर उरकले. पन्नास जणांना फाशी झाली. १० सप्टेंबर रोजी सान अँहेल येथे सोळा, त्यानंतर मिक्सकोक येथे चार, आणि उरलेल्या तिसांची गोष्ट तर सांगवत नाही. १३ सप्टेंबरच्या पहाटे कर्नल हार्नी यांनी त्यांना गळ्यात फास घालून गाड्यांवर उभे केले, आणि दूरवरच्या चापुल्तेपेक किल्ल्यावर अमेरिकेचे निशाण चढेपर्यंत, कित्येक तास, तसेच तिष्ठत ठेवले. त्यांच्यातील फ्रान्सिस ओ'कॉनर याचे दोन्ही पाय लढाईत गेले होते. तोही सुटला नाही. निशाण वर गेले, आणि गाड्या हाकल्या गेल्या.

रायली मात्र वाचला. त्याने छावणी सोडली तेव्हा युद्ध जाहीर झालेले नव्हते, आणि युद्धापूर्वी पळालेल्यास कायद्याने देहान्त देता येत नव्हता. सरसेनापती विनफिल्ड स्कॉट यांनी अधिकाऱ्यांचा रोष पत्करून हा कायदा पाळला. रायलीला पन्नास फटके मारले गेले आणि पळपुट्याची खूण म्हणून इंग्रजी 'डी' हे अक्षर तापल्या लोखंडाने त्याच्या गालावर उमटविले गेले.

फेब्रुवारी १८४८ च्या तहान्वये मेक्सिकोने आपला जवळजवळ निम्मा मुलूख गमावला. कॅलिफोर्निया त्यातच गेला. मोबदला दीड कोटी डॉलर. तह पक्का झाल्यावर कैदेतील सान पात्रिसिओ सुटले. रायली डागलेल्या गालानिशी पुन्हा मेक्सिकोच्या सैन्यात रुजू झाला. चुरुबुस्कोच्या त्या मठात आज परकीय आक्रमणांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. सान अँहेलच्या चौकात १९५९ साली बसविलेल्या शिलेवर एकाहत्तर नावे आहेत, आणि दरवर्षी सप्टेंबरमध्ये तेथे त्यांचे स्मरण होते. १९९७ साली आयर्लंड व मेक्सिको या दोन्ही देशांनी त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. आणि रायलीच्या क्लिफडेन गावी, समुद्राकाठच्या त्या लहानशा वस्तीत, वर्षातून एक दिवस मेक्सिकोचा ध्वज चढविला जातो.