घाशीराम : इतिहासातला आणि नाटकातला

खराडीच्या शिवेवरून जाणारा नगररस्ता ही पूर्वेकडून पुण्यात शिरण्याची जुनी दिशा. औरंगाबादेकडून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडून, नशीब काढावयास निघालेला माणूस साधारण याच बाजूने पेशव्यांच्या शहरात येई. घाशीराम सावळदास हा कनोजा ब्राह्मण औरंगाबादचाच. नाना फडणिसांच्या मर्जीने तो १७७७ च्या सुमारास पुण्याचा कोतवाल झाला आणि १७९१ पर्यंत त्या जागेवर राहिला.

कोतवाल म्हणजे आजचा पोलीस अधिकारी एवढेच आपण समजतो. ते पुरेसे नाही. चोरांचा बंदोबस्त, बाजारावर देखरेख, परगावाहून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर, किरकोळ तंट्यांचा निवाडा आणि दंडाची वसुली, हे सारे एकाच चावडीत चाले. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या माणसास ती रात्र कोठडीत काढावी लागे. पकडणारा तोच, दंड ठरविणारा तोच, आणि दंडाची रक्कम सरकारजमा होत असल्यामुळे वरच्यांना तक्रार ऐकण्याची घाई नव्हती. मनुष्य मुळात दुष्ट होता की नाही, या वादात आम्हाला फारसे स्वारस्य नाही. अशा जागेवर चौदा वर्षे विचारणारा कोणी नसला तर बरा मनुष्यही काय होईल, हे पाहण्यासारखे आहे.

ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या आळावरून एका कोंदट जागेत कोंडण्यात आले. त्यांपैकी वीसाहून अधिक गुदमरून मेले. मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडविले तेव्हा हे उघडकीस आले. संतापलेला जमाव नानांच्या वाड्यावर गेला. नानांनी कोतवाल जमावाच्या हवाली केला. ३१ ऑगस्ट रोजी त्याची धिंड काढून त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. इंग्रजांचा पुण्यातील वकील मॅलेट याने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, नानांची भूमिका मोहन आगाशे यांची. त्यात घाशीराम अपमानाचा सूड घेण्यासाठी आपली मुलगी गौरी नानांना देऊन कोतवाली मिळवितो. हा भाग नाटककाराचा; तो इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. आक्षेप पुष्कळ आले, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले, आणि कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी काढून ते पुन्हा उभे केले. नानांची बदनामी झाली, ही तक्रार आम्हाला समजते. खऱ्या नानांचा मुत्सद्दीपणा त्या रंगमंचावर अर्थातच सापडत नाही. पण रूपक म्हणून पाहिले तर नाटकाचा नेम कोतवालावर नसून त्याला घडविणाऱ्यावर आहे. मुलगी देतानाचा घाशीराम लाचार बाप असतो. अधिकार हाती येताच तो कबुलीजबाबासाठी निरपराध्याचे हात भाजवितो. नाना हे पाहतात, कारण लोकांचा राग कोतवालावर जात असतो. तो राग वाड्याच्या दारापर्यंत आला की मात्र ते त्याला सोडून देतात.

दप्तरातली घटना याहून फार निराळी नाही. घाशीरामाचा बळी गेला, पण त्याला चौदा वर्षे जागेवर ठेवल्याबद्दल कोणाकडे जाब मागितला गेला नाही. नानांचा कारभार पुढे चालू राहिला आणि कोतवालीवर दुसऱ्याची नेमणूक झाली.