किशोरवयीन पोषण (मंगळवेढ्याचा आहार)

वय १० ते १९ वर्षे. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी, मुलांची १३-१४ व्या वर्षी झपाट्याने वाढते. तेव्हा भूकही वाढते. ज्वारीचे कोठार म्हटल्या जाणाऱ्या मंगळवेढ्यात (जि. सोलापूर) ताटातला आधार मालदांडी या ज्वारीच्या वाणाची भाकरी; तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी. ती उणीव डाळ-पिठले भरून काढते. ज्वारीत लोहही असते, मात्र धान्यातल्या फायटेट या घटकामुळे ते पुरते अंगी लागत नाही. लिंबू मदत करते, जेवणासोबतचा चहा आड येतो. पाळी सुरू झालेल्या मुलींना रक्तक्षय लवकर गाठतो. शाळेतली साप्ताहिक निळी लोहगोळी त्यासाठीच. या वयात वजनाच्या धास्तीने जेवण टाळणे, चोरून ओकाऱ्या काढणे हे नखरे नव्हेत, आजार आहेत; पाळी थांबणे ही त्यांतली धोक्याची खूण.